ताई म्हण

"आई म्हण," अंबुबाई खाटेखाली वाकून नातीला म्हणाल्या.

"न्हाय म्हणणार," खाटेखालून आवाज आला.

"अगं, नवी आई आलीया. बाहेर ये, पाया पड, आन आई म्हण. मग लाडू देते."

"माझी आई फोटूत हाय. ही न्हाय माझी आई."

दारात निंगव्वा उभी होती. डोक्यावरचा पदर अजून सरळ होता, हातातला हिरवा चुडा मनगटाला टोचत होता. आदल्या दिवशी अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या तिच्या गावात लग्न लागलं होतं आणि आज दुपारी ती सोलापुरात, शेळगीच्या या दोन खोल्यांत येऊन पोचली होती. नवरा जोतिराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्याची पहिली बायको काविळीनं गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. जात एकच, धनगर; पण जोतिरामचं घर माळशिरसकडचं, मराठी, आणि निंगव्वाचं माहेर पुरतं कानडी. तिला मराठी यायचं ते बाजारापुरतं. 'केवढ्याला', 'कमी कर', 'नको जा'. खाटेखालचं पाच वर्षांचं पोर काय म्हणतंय हे तिला शब्दांनी कळत नव्हतं, पण सुरावरून कळत होतं.

लाडू झाला, दटावणी झाली, जोतिरामनंही एकदा वाकून पाहिलं. पोर हलेना. शेवटी अंबुबाई थकल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं बाई, आई म्हणू नगंस. तुझ्यापरीस मोठी हाय ना? मग ताई म्हण. ताई म्हणायला काय हुतंय?"

खाटेखाली थोडा वेळ विचार झाला. ताई म्हणजे शेजारच्या पोरांच्या मोठ्या बहिणी. दप्तर धरणाऱ्या, वेण्या घालणाऱ्या. त्यात धोका नव्हता. राजनंदिनी बाहेर आली, केसाला लागलेली जळमटं तशीच, आणि निंगव्वाकडं न बघता म्हणाली, "ताई."

निंगव्वा मटकन खाली बसली. तिनं पोरीला ओढून पोटाशी धरलं आणि रडायला लागली. रडता रडता हसत होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "नन तायी, नन तायी!"

अंबुबाई लेकाच्या कानाशी लागल्या. "येडी हाय का काय रं? ताई म्हणल्यावर कोण रडतं का?"

जोतिरामला वाटलं, माहेर आठवलं असेल.

कानडीत तायी म्हणजे आई. निंगव्वाच्या गावात रोजच्या बोलण्यात आईला अव्वा म्हणत, पण देवीपुढं हात जोडताना 'तायी' म्हणत, मोठ्या मानाच्या बाईला 'तायी' म्हणत, आणि फार माया आली की स्वतःच्या लहान लेकीलाही 'नन तायी', माझी आई, म्हणत. हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. राजनंदिनीला वाटलं, आपण जिंकलो. निंगव्वालाही वाटलं, आपणच जिंकलो. दोघींनी एकाच शब्दावर आपापला विजय साजरा केला आणि त्या दिवशी लाडू दोघींनीही खाल्ला.

पुढचे काही महिने निंगव्वा हवेत होती. सकाळी पोरीच्या वेण्या घालताना ती मुद्दाम वेळ लावायची, कारण पोर कंटाळून "ताई, बास की!" म्हणायची आणि ते तिला ऐकायचं असायचं. तिनं हाक मारली की "बा तायी, बा!", म्हणजे ये आई, ये, असं ही उत्तर द्यायची. आळीतल्या बायका हसायच्या. जोतिरामच्या घरी नवल आहे, आई पोरीला ताई म्हणते, पोर आईला ताई म्हणते, नक्की थोरली कोण?

शेजारच्या घरातल्या चंद्रिकाचं मात्र निंगव्वाशी लगेच जमलं. चंद्रिका तेलुगू, तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. एकीला तेलुगू आणि मोडकं मराठी, दुसरीला कानडी आणि त्याहून मोडकं मराठी. पण मीठ, मिरची, नळाचं पाणी आणि सासू यांवर बोलायला तेवढं पुरतं. अंबुबाईंनी घरात कानडी बोलायला मनाई केली होती. "पोरीची शाळा मराठी हाय. जीभ वाकडी हुईल तिची." निंगव्वानं ते मनावर घेतलं. ती भराभर मराठी उचलत गेली. पोराला पोरगी म्हणे, भांड्याला बाई करी, पण उचलत गेली.

एकदा शेजारचा एक मुलगा आपल्या दहा वर्षांच्या बहिणीला "ताई, माझी वही दे" म्हणताना तिनं ऐकलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या गावातही लहान पोरींना तायी म्हणतातच की. हे लोक आपल्यासारखेच मायाळू आहेत, असं तिनं घरी येऊन जोतिरामला सांगितलं. जोतिरामनं नेहमीप्रमाणे मान डोलावली.

राजनंदिनी पहिलीत गेली आणि बाईंनी सांगून पाठवलं, आईला भेटायला आणा. निंगव्वानं लग्नातली इरकल साडी नेसली, केसांत अबोली माळली आणि पोरीचा हात धरून शाळेत गेली. वर्गाच्या दारात बाईंनी चष्म्यावरून दोघींकडं पाहिलं. निंगव्वा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होती आणि दिसायला त्याहून लहान.

"ही कोण गं?" बाईंनी विचारलं.

"ही माझी ताई," राजनंदिनी म्हणाली.

"अगं, मी आईला आणायला सांगितलं होतं ना? मोठ्या बहिणीला काय सांगू मी?"

"आई फोटूत हाय," पोर म्हणाली. "ही ताई हाय. बहीण."

तोपर्यंत निंगव्वाला 'बहीण' हा शब्द चांगला कळत होता. राजनंदिनीच्या हातातला तिचा हात एकदम सैल पडला. बाईंच्या लक्षात काहीतरी आलं असावं. त्यांनी घाईघाईनं खुर्ची पुढं केली. मुलीचं गणित छान आहे म्हणाल्या, मात्र वर्गात तोंड उघडत नाही, घरी बोलतं करा म्हणाल्या. निंगव्वानं सगळं ऐकून घेतलं.

"मी बोलतो घरात," ती म्हणाली. "लई बोलती ती घरात. हितं बी बोलंल."

येताना ती थोडं अंतर पुढं चालत राहिली. मग थांबली, मागं आली आणि पोरीचा हात पुन्हा धरला. रस्त्यावरच्या गाड्यावरून तिला मीठ लावलेली बोरं घेऊन दिली.

घरी आल्यावर साडी न बदलता ती चंद्रिकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चंद्रिकाक्का, मराठीत ताई म्हणजे काय?"

"अक्का," चंद्रिका शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "आपण अक्का म्हणतो ना, तेच. मोठी बहीण."

"आई न्हाय?"

"आई म्हणजे आई. का गं?"

"काय न्हाय. असंच इचारलं."

मग तिनं स्टोव्ह पेटवला, परात ओढली आणि भाकरी थापायला बसली. घरात चार माणसं, संध्याकाळ व्हायला अवकाश, आणि ही थापतेच आहे. एकावर एक, एकावर एक. ज्वारीचं पीठ संपलं तेव्हा थांबली. अंबुबाईंनी कपाळावर हात मारला. एवढ्या भाकऱ्यांचं करायचं काय? शेवटी चंद्रिकानं अर्धी चळत फडक्यात बांधून नवऱ्याबरोबर कारखान्यात पाठवली. पातळ, खरपूस, कडक. मागावरची माणसं दुसऱ्या दिवशी विचारायला लागली, कालची भाकरी कुणी केली होती? आणखी मिळेल का?

अशा रीतीनं निंगव्वाचा भाकरीचा धंदा सुरू झाला. पुढं त्यात शेंगांची चटणी आली, मग दाराबाहेर पत्र्याचं शेड आलं, मग हाताखाली दोन बायका आल्या. सोलापुरात भाकरी विकणाऱ्या बायका काही कमी नाहीत, पण निंगव्वाची भाकरी आठ दिवस कुरकुरीत राहते अशी ख्याती झाली. गिऱ्हाईक यायचं, "ताई, वीस द्या" म्हणायचं, ही मोजून द्यायची. राजनंदिनीच्या वेण्या मात्र ती त्या दिवसानंतरही तशाच रेंगाळत घालत राहिली.

राजनंदिनी आठ वर्षांची असताना युवराज झाला. अंबुबाईंना नातवाचं कोण कौतुक. तो बोबडं बोलायला लागला तसं त्या त्याला मांडीवर घेऊन शिकवू लागल्या, "म्हण, आ-ई. आ-ई." पण पोरगं दिवसभर बहिणीच्या मागं मागं फिरायचं आणि बहीण जे बोलेल ते बोलायचं. एक दिवस त्यानं आईच्या पदराला धरून सरळ हाक मारली, "ताई!"

"आगं बया!" अंबुबाई ओरडल्या. "हे काय आणि? आरं, ती तुझी आई हाय. सख्खी! आई म्हण!"

"र्‍हाऊ द्या की, अत्त्या," निंगव्वा म्हणाली.

"र्‍हाऊ द्या काय? लोक हसतील. पोटचं पोर आईला ताई म्हणतंय!"

"हसू द्या. दोघंबी एकच म्हणू द्या."

अंबुबाई चार दिवस फुगून बसल्या. चंद्रिकानंही समजावून पाहिलं. निंगव्वा ऐकेना. पोर चुकून कधी, शेजारच्या पोरांचं ऐकून, 'आई' म्हणालंच, तर ही त्याच्या गालाला चिमटा काढून म्हणायची, "ताई म्हण." असं म्हणता म्हणता ते पोरगंही ताईचं झालं.

वर्षं भराभर गेली. अंबुबाई गेल्या, शेवटच्या आजारात त्यासुद्धा सुनेला "ताई, जरा पाणी दे गं" म्हणायच्या, सगळी आळी म्हणते तसं. जोतिराम निवृत्त झाला आणि भाकरीच्या हिशेबाला बसू लागला. युवराज पॉलिटेक्निकला गेला. राजनंदिनी बँकेची परीक्षा पास झाली आणि गेल्या वर्षी तिची बदली अक्कलकोटच्या शाखेत झाली. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. निंगव्वा रोज डब्यात भाकरी बांधून द्यायची आणि विचारायची, "माझ्या गावाकडचं कोण भेटलं का गं?"

राजनंदिनीला थोडंफार कानडी कळत होतं. बा, होगु, नीरु, ऊटा, म्हणजे ये, जा, पाणी, जेवण, एवढंच. पण आजीच्या मनाईमुळं ते तिच्या जिभेवर कधी बसलं नव्हतं, आणि सुट्टीला ती नेहमी माळशिरसकडं मामाकडं जायची. निंगव्वा माहेरी जायची ती एकटी, सणावाराला, एका दिवसापुरती.

त्या दिवशी बाजार होता. काउंटरपुढं गर्दी. एक म्हातारा, रुद्रप्पा त्याचं नाव, पासबुक घेऊन बराच वेळ ताटकळत होता. नंबर आला तसा तो पुढं झुकला आणि म्हणाला, "तायी, स्वल्प इल्ले नोड."

जरा इकडं बघ, एवढं तिला कळलं. ती हसून म्हणाली, "आजोबा, मी तुमची ताई कशी? नात म्हणा."

म्हातारा गोंधळला. शेजारच्या टेबलावर हेड कॅशिअर बसलिंगप्पा होते, निवृत्तीला आलेले, जाडजूड, सदा आनंदी. ते मोठ्यानं हसले.

"मॅडम, ते ताई नाही म्हणाले. तायी म्हणाले. त्यांनी तुम्हाला आई केलंय."

"आई?"

"कानडीत तायी म्हणजे आई. घरात आम्ही अव्वाच म्हणतो, पण मानानं, मायेनं बोलायचं तर तायी. ऐंशी वर्षांच्या माणसानं आई म्हटलं, आता शिक्का नीट मारा!"

राजनंदिनीनं शिक्का मारला. पासबुक परत दिलं. पुढच्या माणसाला काय हवं होतं ते तिला दोनदा विचारावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बसलिंगप्पांच्या समोर जाऊन बसली. त्यांना शब्दांचा नाद होता हे सगळ्या शाखेला माहीत होतं. रविवारी लोक सिनेमाला जातात, हे हत्तरसंग कुडलला जाऊन जुने शिलालेख बघत बसायचे.

"सर, ते तायी... नक्की आईच ना?"

"अहो, नक्की म्हणजे! जुन्या कानडीत ताय्. तमिळमध्येही ताय्. तेलुगूत तल्ली. सगळ्या आयाच." त्यांना विषय मिळाला तशी त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. "आणि भीमा-सीना ओलांडून तुमच्याकडं आली की तीच बाई बहीण होते. उत्तरेत जा, हिंदीत ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. मोठी काकू."

"म्हणजे आपला शब्द कानडीतून आला?"

"आमचे लोक तसं म्हणतात. पण संस्कृतची माणसं म्हणतात, 'तात' म्हणजे बाप, वडीलधारा, त्याचीच ताई. दोन्ही बाजूला पंडित आहेत आणि शब्दाला काही आधार कार्ड नसतं." ते हसले. "त्याहून गंमत सांगू? अक्का घ्या. कानडीत, तेलुगूत, मराठीतसुद्धा अक्का म्हणजे थोरली बहीण. बरोबर? आता संस्कृतचा कोश उघडा. अक्का म्हणजे आई! म्हणजे बघा, एका शब्दानं आई सोडून बहीण धरली, दुसऱ्यानं पण तेच केलं, फक्त उलट्या दिशेनं, उत्तरेकडून दक्षिणेकडं चालत. का होत असेल असं?"

"का?" राजनंदिनीनं विचारलं.

"पूर्वी थोरली बहीणच धाकट्यांना सांभाळायची. आई शेतात. पोराला कडेवर कोण घेणार? ताई. पोराला काय कळतं, कडेवर घेईल ती आई. हे माझं मत हं, कोशातलं नाही."

राजनंदिनी डब्याकडं बघत होती. तिला खाटेखालचा अंधार आठवत होता. दारातला हिरवा चुडा. आपण 'ताई' म्हटल्यावर ती मटकन खाली बसलेली बाई.

"जेवा की," बसलिंगप्पा म्हणाले. "ही भाकरी कुठली? झकास आहे."

"आईनं केलीय," राजनंदिनी म्हणाली. आणि तो शब्द आपल्या तोंडून किती नवा वाटतोय हे तिचं तिलाच जाणवलं.

संध्याकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसून वळसंगपर्यंत मनात तोच शब्द म्हणत आली. घरी पोचली तेव्हा हाताखालच्या बायका नुकत्याच गेल्या होत्या. निंगव्वा शेडमध्ये चुलीपुढं होती, पाठमोरी. जोतिराम बाजेवर चष्मा शोधत होता.

राजनंदिनीनं चपला काढल्या. हाक मारली, "आई."

निंगव्वानं तव्यावरची भाकरी उलटली.

"आई!"

"आहो, बघा की जरा," निंगव्वा नवऱ्याला म्हणाली. "दारात कुणाचं पोर आलंय, आईला हुडकतंय."

"अगं, मी आहे. तुला म्हणतेय."

आता ती वळली. हाताला पीठ तसंच, ती उठून जवळ आली आणि मनगटाची मागची बाजू पोरीच्या कपाळाला लावून बघितली. "ताप न्हाय. काय झालं? बँकेत कोण बोललं का?"

"मला आज कळलं, तायी म्हणजे काय."

निंगव्वा पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली, कारण तव्यावरची भाकरी करपायला आली होती.

"कोण सांगितलं?"

"आमचे बसलिंगप्पा सर."

"लई शाणा दिसतोय त्यो."

राजनंदिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. "म्हणून पहिल्या दिवशी तू रडलीस?"

"मग? सावत्र म्हणून आले मी. आमच्याकडं सावत्र आईच्या पाठीत पोरं दगड घालत्यात. मी येताना गाडीत देवाला म्हणत हुते, दोन वर्सांनी का हुईना, एकदा बोलू दे पोरीला माझ्याशी. आन मी आल्या आल्या तू तायी म्हणलीस." ती हसली. "मला वाटलं, सोलापूरच्या पोरी लई गुणाच्या."

बाजेवरून जोतिरामचा आवाज आला. "आयला! म्हंजे माहेर आठवून रडत न्हवतीस तू? आन मी त्या दिवशी तुला भजी आणून दिली समजूत घालायला!"

"भजी चांगली हुती," निंगव्वा म्हणाली.

राजनंदिनी हसली, पण तिचे डोळे भरले होते. "मग कधी कळलं तुला?"

"शाळेत. त्या बाई म्हणाल्या न्हाय का, बहिणीला काय सांगू. तवा."

"म्हणजे पहिलीपासून माहीत आहे? वीस वर्षांहून जास्त? आणि कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू खोटं बोलली न्हवतीस. मी बी चुकीचं ऐकलं न्हवतं. तोंड तुझं, कान माझा. तू तुझ्या तोंडानं बहीण म्हण, माझ्या कानाला आई ऐकू येतंय. कुणाचं काय गेलं?"

"आणि युवराज? तो तर तुझा पोटचा. त्याला का आई म्हणू दिलं नाहीस? तुला तर कळलं होतं तोवर."

निंगव्वानं नवा उंडा हातात घेतला. त्याला पाण्याचा हात लावला, पिठात घोळला.

"त्यो आई म्हणला असता, तर घरात एक पोरगं आईचं आन एक पोरगी ताईची झाली असती," ती म्हणाली. "मग माझा कान बी फसला नसता. आता कसं, दोघं तेच म्हणत्यात. कान काय फरक करतोय?"

जोतिराम चष्मा शोधायचा थांबला होता.

"वाईट नाही वाटलं तुला?" राजनंदिनीनं विचारलं. "शाळेत, त्या दिवशी?"

"वाटलं की. लई वाटलं." निंगव्वानं थापता थापता भाकरी फिरवली. "माझ्या लग्नानंतरचे, तू शाळेत जायच्या आधीचे ते महिने हुते न्हवं? लई ग्वाड हुते ते महिने. ते संपले म्हणून वाटलं. मग काय, लागले कामाला."

"मी आता आईच म्हणणार."

"नको गं बाई. त्या हाकेला मी वळायची न्हाय. तू आई-आई करत बसशील आन हितं माझी भाकरी करपंल. आन ती फोटूतली हाय की. लहान वयात गेली बिचारी. तिचं तेवढं एक र्‍हायलंय, ते तरी तिलाच असू दे."

राजनंदिनीनं डोळे पुसले. "ताई," ती म्हणाली. नेहमीसारखीच. पण म्हणताना ती निंगव्वाच्या कानाकडं बघत होती, जसं काही तिथं काय होतंय ते दिसणार होतं.

"बा," निंगव्वा म्हणाली. "रडून झालं असंल तर हात धुऊन ये. उद्या सकाळी जुळे सोलापूरच्या वस्तीत एक बारसं हाय, त्यांच्या भाकऱ्या निम्म्याबी झाल्या न्हाईत."

"मला कुठं जमतात?"

"न जमायला काय झालं? बस."

राजनंदिनी बँकेच्या कपड्यांतच परातीपुढं बसली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. उंडा थापायला गेली तर कड फाटली, ती सांधली तर दुसरीकडून फाटली. जोतिराम लांबून "डावा हात फिरव, डावा" असं सांगत राहिला, त्याला स्वतःला जन्मात एक भाकरी आली नव्हती. निंगव्वानं मध्ये हात घातला नाही. शेवटी एक काहीतरी तयार झालं, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि नकाशासारखं वाकडंतिकडं. राजनंदिनीनं ते तव्यावर टाकलं. ते अर्धं फुगलं आणि अर्धं तसंच राहिलं.

"हे काही गिऱ्हाइकाला देता येणार नाही," ती म्हणाली.

निंगव्वानं ती भाकरी चिमट्यानं उचलून निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी शेकली. फडक्यावरच्या गोल, सारख्या चळतीकडं न नेता आपल्या ताटलीत घेतली, वर चटणी घातली, थोडं तेल सोडलं. मग पदराला हात पुसून, पाय दुमडून नीट बसली आणि पहिला घास मोडला.